घास अडतो तेव्हा : न निघणारी गाठ आणि पोटातला बायपास

हिंगणीसारख्या गावात ‘बायपास’ म्हटलं की माणसाचा हात आपसूक छातीकडे जातो; नाहीतर गावाला वळसा घालून जाणारा रस्ता डोळ्यांपुढे येतो. पोटातही बायपास करतात, हे घराला कळतं ते बहुधा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर. गाठ निघण्यासारखी नाही, पण अन्न खाली उतरायला दुसरी वाट काढून देता येईल, करायची का, असं डॉक्टर विचारतात. उत्तर तासाभरात द्यायचं असतं. मोठा मुलगा काकांकडे बघतो, काका जावयाकडे. जिचं पोट आहे ती आई आत खाटेवर नाकात नळी घेऊन पडलेली असते, आणि तिला ‘पोटात सूज आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

या एका ‘करायची का?’वर शल्यचिकित्सक, दुर्बिणीने उपचार करणारे एंडोस्कोपीतज्ज्ञ आणि उपशामक उपचार करणारे डॉक्टर सव्वाशेहून अधिक वर्षं विचार करत आले आहेत. त्यांचं एकमत काही बाबतींत झालं आहे, काहींत नाही. ते आज कुठवर आलं आहे याचा हा आढावा. हिंगणीचं नाव घेऊन तो मांडायचं कारण एवढंच, की मोठ्या शहरातल्या अभ्यासाचे आकडे वर्धा जिल्ह्यातल्या गावापर्यंत येताना त्यांचं वजन थोडं बदलतं. ते कसं, हे शेवटाकडे येईल.

व्हिएन्नातली एक सूचना

१८८१ च्या जानेवारीत, २९ तारखेला, व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेला जठराचा खालचा भाग कापून काढला आणि रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली. जगभर गाजावाजा झाला. चारेक महिन्यांत रोग पसरून ती दगावली, हे मात्र गाजावाज्यात मागे पडलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला बिलरोथ यांचे सहायक अँटोन वोल्फ्लर यांच्यापुढे तसाच रुग्ण आला. पोट उघडलं तर गाठ मागच्या स्वादुपिंडाला घट्ट चिकटलेली. काढणं अशक्य. आता पोट शिवून टाकायचं, एवढंच उरलं होतं. तिथे हजर असलेल्या निकोलादोनी यांनी सुचवलं की गाठीला हात न लावता छोट्या आतड्याचा वेढा वर ओढून थेट जठराला जोडून बघा. वोल्फ्लर यांनी तसं केलं. रुग्ण सावरला, खाऊ लागला.

‘उघडून बघितलं अन् बंद केलं’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं आणि त्यात हताशपणा असतो. वोल्फ्लरच्या शस्त्रक्रियेने उघडणं आणि बंद करणं यांच्यामध्ये तिसरी गोष्ट आणून ठेवली. रोग जागेवर ठेवायचा आणि त्याने केलेली अडचण दूर करायची. पुढे पित्ताशय आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया आली, लहान आतडं मोठ्या आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणं आलं. या सगळ्यांमागचा विचार एकच. नदीच्या पात्रात दरड कोसळली तर दरड फोडण्याऐवजी पाट काढून पाणी पुढे न्यायचं.

शंभर वर्षं हीच रीत चालली, कारण दुसरं काही नव्हतं. मग १९७९-८० च्या सुमारास जर्मनीत पित्तनलिकेत दुर्बिणीतून नळी बसवण्याचं तंत्र आलं, पुढे धातूच्या जाळीच्या नळ्या, म्हणजे स्टेंट, आल्या, आणि ‘पोट उघडायलाच हवं का?’ हा प्रश्न उभा राहिला. साधारण त्याच काळात लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमधून तिसरा सूर निघाला : अडथळा तसाच राहू द्या, त्रास औषधांनी शमवा. आजचा वाद या तीन सुरांमधला आहे.

कुठे अडलं, हा पहिला प्रश्न

नातेवाईक सहसा रोग कोणत्या अवयवाचा, कितवी स्टेज, असं विचारतात. बायपासच्या निर्णयात त्याहून महत्त्वाचं असतं ते घास नेमका कुठे अडतो आणि किती ठिकाणी अडतो.

अन्ननलिकेत अडला तर बायपास जवळपास बादच. जठर वर मानेपर्यंत ओढून आणायची शस्त्रक्रिया १९२० मध्ये किर्शनर यांनी सांगितली होती, पण आयुष्याचे थोडे महिने उरलेल्या माणसासाठी ती फार जड ठरली. तिथे आता स्टेंट, किरणोपचार, किंवा पोटातून थेट अन्न देणारी नळी. खर्रा आणि तंबाखू यांमुळे विदर्भात तोंड, घसा, अन्ननलिकेचे रुग्ण भरपूर; त्यांच्या घरच्यांनी ‘आमचाही बायपास करा’ म्हटलं तर डॉक्टर नकार का देतात, त्याचं कारण हे.

जठराच्या खालच्या तोंडाशी किंवा त्यापुढच्या ड्युओडेनममध्ये अडला, तर बायपासची मूळ जागा तीच. जठराचा, स्वादुपिंडाचा आणि पित्ताशयाचा कर्करोग इथे वाट बंद करतो. रुग्ण सकाळी ओकतो आणि त्यात काल संध्याकाळची भाकर दिसते. पोट डब्यासारखं तट्ट फुगतं, हलवलं तर पाण्याचा आवाज येतो. रोजच्या ओकाऱ्यांनी अंगातलं पाणी, क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून आधी दोन-तीन दिवस सलाईन देऊन ते भरून काढावं लागतं. ‘ऑपरेशन का लांबवताहेत’ अशी कुरबूर त्याच दिवसांत होते. पण ते दिवस वाया गेलेले नसतात.

जोड की जाळी

जठराच्या तोंडाशी अडलेल्या रुग्णापुढे आज तीन वाटा आहेत, आणि या विषयातला सगळ्यात भरीव अभ्यास याच जागेबद्दल झाला आहे.

पहिली वाट वोल्फ्लरचीच, गॅस्ट्रोजेजुनोस्टोमी. आता ती दुर्बिणीने, छोट्या छेदांतूनही होते. जोड व्यवस्थित बसली तर ती टिकते. गाठ वाढली तरी वाट सहसा उघडी राहते. पण तिचा दाम आधी मोजावा लागतो. भूल, टाके, आठवडाभर किंवा जास्त मुक्काम, आणि काही रुग्णांत शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जठर सुस्त पडून राहतं. बरेच दिवस फुगलेलं, ताणलेलं जठर जोड दिल्यावर लगेच काम सुरू करत नाही. ‘नवी वाट काढली म्हणता, मग ओकारी का?’ या प्रश्नाला डॉक्टरकडे ‘थांबा’ एवढंच उत्तर असतं.

दुसरी वाट स्टेंटची. दुर्बीण तोंडातून जाते, मिटलेली जाळी गाठीच्या आरपार सरकवतात आणि ती आपोआप उघडते. एक-दोन दिवसांत पेज, मग मऊ भात. चिरफाड नाही. मात्र गाठ जाळीच्या छिद्रांतून आत वाढते, कधी जाळी सरकते, आणि पुन्हा दुर्बीण करावी लागते.

नेदरलँड्समध्ये या दोघींची समोरासमोर तुलना झाली. निष्कर्ष २०१० मध्ये आले. स्टेंटवाले लवकर खाऊ लागले, शस्त्रक्रियावाले उशिरा. पण मऊ किंवा घन अन्न घेता आलेले एकूण दिवस मोजले तर शस्त्रक्रियेच्या गटात ते ७२ भरले, स्टेंटच्या गटात ५०. अभ्यासकांनी सुचवलं : दोन महिने किंवा त्याहून अधिक आयुष्य अपेक्षित असेल तर शस्त्रक्रिया, कमी असेल तर स्टेंट. हा नियम आज जगभर सांगितला जातो. त्या अभ्यासात रुग्ण अवघे ३९ होते, हे सांगताना बहुतेक जण विसरतात. शिवाय ‘दोन महिने’ हे ठरवणार कोण? माणसाचे उरलेले दिवस मोजण्यात डॉक्टर चुकतात, आणि ते बहुधा जास्तच सांगतात.

तिसरी वाट अगदी अलीकडची. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते. जठराच्या आतून पलीकडचा आतड्याचा वेढा दिसतो, दोघांच्या भिंतींना भोक पाडून मध्ये डमरूच्या आकाराचा स्टेंट बसवतात. म्हणजे वोल्फ्लरची जोड, पण पोट न उघडता. हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९७ रुग्ण होते. सहा महिन्यांत पुन्हा उपचार करावे लागलेले रुग्ण या नव्या पद्धतीत ४ टक्के, साध्या स्टेंटमध्ये २९ टक्के. आकडे बोलके आहेत. फक्त ते निष्णात हातांचे आहेत. डमरू चुकीच्या जागी उघडला तर पोटात गळती होते आणि मग घाईने शस्त्रक्रिया करावी लागते.

याच प्रकरणात एक उपप्रश्न आहे, तो जुना आणि गमतीदार. गाठ काढायला म्हणून पोट उघडलं, निघत नाही असं दिसलं, आणि रुग्णाला अजून ओकाऱ्या सुरूच झालेल्या नाहीत. मग पुढचा विचार करून जोड आत्ताच देऊन ठेवायची का? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९९ मध्ये ८७ रुग्णांवर हे तपासलं. जोड दिलेल्या ४४ पैकी एकालाही पुढे अडथळा झाला नाही, न दिलेल्या ४३ पैकी आठ जणांना झाला. २००३ मधल्या डच अभ्यासात हा फरक आणखी मोठा निघाला, साडेपाच टक्के विरुद्ध ४१ टक्के. प्रश्न सुटला असं वाटावं, तोवर तो येण्याचंच प्रमाण घटलं. चांगले सीटी स्कॅन आणि आधी दुर्बिणीने पोटात डोकावण्याची पद्धत यांमुळे ‘उघडून बंद’ करायची वेळच कमी येऊ लागली.

कावीळ

पित्तनलिका बंद होऊन कावीळ होते तिथला वाद बराचसा मिटला आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०४ रुग्णांच्या अभ्यासात स्टेंट आणि बायपास, दोन्हींत आयुष्य जवळपास सारखंच निघालं, २१ आणि २६ आठवडे. शस्त्रक्रियेत सुरुवातीचे धोके जास्त, स्टेंटमध्ये कावीळ परत येण्याचं प्रमाण जास्त. पुढे धातूचे स्टेंट आल्यावर पारडं दुर्बिणीकडे झुकलं. काविळीची खाज ही रात्र-रात्र झोप उडवणारी गोष्ट आहे, आणि ती थांबवायला आता क्वचितच पोट उघडावं लागतं. प्लास्टिकची नळी मात्र साधारण तीन महिन्यांत तुंबते. ती बदलायची तारीख कागदावर लिहून घ्यावी.

आतडं : एक गाठ आणि पसरलेला रोग

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर लहान आतडं पुढच्या आडव्या भागाला जोडतात. चांगली, टिकाऊ शस्त्रक्रिया. तिच्याबद्दल फारसा मतभेद नाही. डाव्या बाजूला असेल तर बहुधा स्टोमा, म्हणजे पोटावर पिशवी. वैद्यकीयदृष्ट्या सोपी, घरात अवघड. पिशव्यांचा खर्च, वास येईल याची भीती, ‘लोकांत कसं बसू’. कित्येक रुग्ण अडथळ्याच्या वेदनेपेक्षा पिशवीला जास्त घाबरतात. तिथे स्टेंट हा पर्याय आहे, पण आतडं फुटण्याचा धोका असतो आणि काही नव्या औषधांसोबत तो वाढतो.

खरा पेच पुढे आहे. रोग पोटाच्या आतल्या अस्तरावर दाणेदार पसरला की आतडं एका जागी अडत नाही, पाच-सात ठिकाणी अडतं. एक जोड दिली तरी पुढे दुसरी गाठ उभीच. अंडाशय, जठर, मोठं आतडं यांच्या शेवटच्या टप्प्यात हे घडतं.

अशा रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये निघाला. त्रास कमी झाल्याचं प्रमाण ३२ ते १०० टक्के. मृत्यू ६ ते ३२ टक्के. गंभीर गुंतागुंत ७ ते ४४ टक्के. इतक्या लांब-रुंद पट्ट्यातून एका माणसाला काय सांगायचं? पण त्याच आढाव्यातला एक आकडा मला बाकी सगळ्यांहून मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या आयुष्यातला ११ ते ६१ टक्के काळ रुग्णांनी दवाखान्यातच घालवला. म्हणजे काहींच्या बाबतीत, कमावलेले बहुतेक दिवस कमावण्यातच गेले.

या दिशेने, शस्त्रक्रिया करणं आणि न करणं यांची, पहिली मोठी तुलना २०२३ मध्ये आली. अमेरिका, मेक्सिको, पेरू आणि कोलंबिया इथल्या रुग्णालयांत २२१ रुग्ण घेतले. कोण किती जगलं याऐवजी ९१ दिवसांपैकी किती दिवस माणूस जिवंत आणि दवाखान्याबाहेर होता, हे मोजलं. दोन्ही गट सारखे निघाले. पण काय करायचं ते चिठ्ठीवर सोडायला फक्त ४९ रुग्ण तयार झाले. बाकीच्यांनी आपल्या किंवा डॉक्टरांच्या मनाने ठरवलं. मरणाच्या दारात कुणी नाणेफेकीला तयार नसतं, आणि त्यात चूक काय? या क्षेत्रातला पुरावा तुटपुंजा का, याचंही मोठं कारण तेच.

न कापता

१९८५ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्सच्या मेरी बेन्स आणि सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांचा अनुभव मांडला. शेवटच्या टप्प्यातला अडथळा नळी आणि सलाईनशिवाय, केवळ औषधांनी सुसह्य करता येतो, असं त्यांनी दाखवलं. दुखण्याला मॉर्फिन, कळांना हायोसिन, मळमळीला हॅलोपेरिडॉल, सुजेला डेक्सामेथासोन. ओकारी पूर्ण थांबत नाही, दिवसातून एखादी होते. पण माणूस घरी असतो आणि घोट-घोट पिऊ शकतो. पाझर कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड पुढे फार वापरलं गेलं, ते महागही आहे. २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ओकारीविना गेलेल्या दिवसांत त्याने फरक पडला नाही. शल्यचिकित्सक या मार्गाला ‘हात टेकणं’ म्हणतात असा आरोप होतो, तो आता फारसा खरा नाही. एकाच रुग्णासाठी दोन्ही बाजूंचे डॉक्टर बसून बोलणं हीच आदर्श रीत मानली जाते.

आपल्याकडे यातली अडचण औषधाची होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन कपाटात बंद केलं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे हॉस्पिस आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र. दोन्ही हिंगणीपासून एका रात्रीच्या प्रवासापलीकडे.

सेलूच्या फाट्यावर

हिंगणी सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर. कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. रुग्ण घेऊन सेलूला आलं की रस्ता फुटतो : एका हाताला केळझरवरून नागपूर, जिथे जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, दुसऱ्या हाताला पवनारवरून वर्धा, पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं ते खेड्यांसाठीच. त्या मानाने हा तालुका नशीबवान. जोड देणारा सर्जन इथून तासा-दोन तासांत गाठता येतो.

पण इथेच आकड्यांचं वजन बदलतं. नेदरलँड्समध्ये स्टेंट तुंबला तर रुग्ण दुसऱ्या दिवशी दुर्बिणीखाली असतो. इथे तो तुंबला की गाडी ठरवा, शेतातलं काम सोडून दोन माणसं सोबत न्या, तारीख घ्या. वारंवार करावा लागणारा सोपा उपचार गावात महाग पडतो, आणि एकदाच होणारा कठीण उपचार स्वस्त. म्हणून एकाच जागी अडलेल्या, हिंडत्या-फिरत्या, अंगात ताकद असलेल्या रुग्णाबाबत माझं मत, दोन महिन्यांची सीमारेषा थोडी खाली ओढून, शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकतं. पोटभर पसरलेल्या रोगात मात्र ते तितक्याच ठामपणे उलट्या बाजूला जातं.

पैशाचं म्हणाल तर जीवनदायी योजना २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात वर्ध्यात आली, आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आणि तिने कित्येक घरांची जमीन वाचवली. तिची रचना पॅकेजची आहे : अमुक शस्त्रक्रिया, तमुक रक्कम. घरी येऊन मॉर्फिनचा डोस बघणारी परिचारिका या चौकटीत सहज बसत नाही. न कापण्याचा निर्णय त्यामुळे कधी कधी रुग्णाला रिकाम्या हाताने घरी पाठवण्यासारखा होतो.

वर्ध्याकडे जाताना पवनार लागतं. विनोबांनी इथेच १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. या जिल्ह्याला अन्न सोडून शांतपणे जाण्याची कल्पना परकी नाही. पण विनोबांना घास नको होता. गाठीने अडलेल्या माणसाला तो हवा असतो, भुकेची जाणीव असते, आणि समोर सून वाटीत वरण-भात कालवून बसलेली असते. ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह प्रेमाचा असतो आणि छळाचाही होतो. कित्येकदा बायपासला दिलेला होकार रुग्णाच्या भुकेसाठी नसतो, सुनेच्या हातातल्या त्या वाटीसाठी असतो.

जे अजून सुटलेलं नाही

डमरू-स्टेंट आणि दुर्बिणीतली शस्त्रक्रिया यांत श्रेष्ठ कोण, हे थोड्या वर्षांत कळेल. नवी केमोथेरपी आयुष्य वाढवते आहे, तेव्हा ‘दोन महिन्यां’चा नियम किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही. पसरलेल्या रोगात नेमक्या कोणत्या रुग्णाला शस्त्रक्रिया लाभेल, याचे ठोकताळे आहेत. पोटातलं पाणी, उतरलेलं अल्ब्युमिन आणि खाटेला खिळलेलं अंग हे तीन वाईट संकेत सगळेच मानतात. पक्की फूटपट्टी नाही.

आणि एक प्रश्न शस्त्रक्रियेचा नाहीच. ‘तिला सांगू नका, ती खचेल’ ही नातेवाईकांची विनंती आपल्या वॉर्डात रोजची. मग संमतीपत्रावर सही मुलाची, पोट आईचं, आणि उरलेले दिवस कुठे घालवायचे हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. परदेशी अभ्यासांत हा पेच जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडे त्याचं उत्तरही नाही.

ते इथेच शोधावं लागेल, आणि शोधायला साधन आहे. वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामला होते. अशा नोंदणीत कुणाला कोणता कर्करोग झाला आणि कोण गेलं, हे लिहिलं जातं. जोड, जाळी किंवा औषध यांपैकी काय झालं, आणि त्यानंतर माणूस किती दिवस आपल्या घरी जेवला, एवढे दोन रकाने त्यात वाढवावेत. आशाताई ते भरू शकतील.